भरकटलेली खिडकी

घराची खिडकी एकदा बसवली की बसवली. गवंड्याने चौकट भिंतीत घातली, की पुढची पन्नास वर्षं ती तिथेच. सकाळचं ऊन कुठून येतं, पावसाची झड कुठून येते, हे घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. संगणकाच्या पडद्यावर ज्यांना आपण खिडक्या म्हणतो, त्यांचं मात्र तसं नाही. त्या सरकतात, आक्रसतात, एकमेकींवर चढतात आणि कधी कधी चक्क घर सोडून निघून जातात. आता होती, आता नाही! समोर बसलेला माणूस हातातला माउस सोडून इकडेतिकडे बघू लागतो. आपल्या हातून काहीतरी मोडलं, या विचाराने त्याच्या पोटात गोळा येतो.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ती अंतर्गत बाब, आपला काय संबंध, असंही कुणी म्हणेल. पण चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या तालुक्याच्या गावी संगणकाच्या वर्गात जाणारी मुलगी तुमच्या घरात असेल, तर संबंध आहे. शिकणारा माणूस पहिल्या आठवड्यात घाबरला की टिकला, हे पुष्कळदा अशा किरकोळ गोष्टींवर ठरतं.

डोंगा आणि खुंटा

भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पूर आला की तिथल्या कितीतरी गावांचा जगाशी संपर्क तुटतो. अशा नदीकाठच्या माणसाला डोंग्याबद्दल एक गोष्ट शिकवावी लागत नाही. काठाला आणलेला डोंगा खुंट्याला बांधायचा असतो. सैल सोडला तर प्रवाह घेऊन जाईल, आणि गाठ सुटणारच नाही असा आवळला तर ऐन वेळी कामाला येणार नाही. बांधणं आणि सोडणं, दोन्ही हातात हवं.

बोट धक्क्याला लावण्याला इंग्रजीत ‘डॉक’ करणं म्हणतात. मुंबईच्या गोदीला आपण ‘डॉक’ म्हणतो ते त्यामुळेच. प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी कडेला नेऊन पक्की करण्यालाही हाच शब्द रुळला. मराठीत कागद चिकटवण्याला ‘डकवणं’ हा आपला जुना शब्द आहे. कानाला तो डॉकच्या जवळचा वाटतो आणि अर्थही पुष्कळसा जुळतो. फरक एवढाच, की डकवलेला कागद काढताना फाटतो. डॉक केलेली खिडकी काढता येते, पुन्हा लावता येते.

हे प्रत्यक्षात घडतं कसं? खिडकीच्या माथ्यावरची पट्टी माउसने धरायची आणि खिडकी ओढायला लागायचं. मुख्य पडद्याच्या कडेजवळ ती आली, की तिच्याभोवतीची रेघ बदलते किंवा त्या जागेवर हलकी छाया पडते. ‘आता सोडलंस तर मी इथे बसेन’ असं ती सांगत असते. बोट उचललं की खिडकी कडेला चिकटते आणि शेजारच्या खिडक्या अंग चोरून तिला जागा देतात. भरलेल्या एसटीत सीटवर तिसरा माणूस बसावा, तसंच! पुन्हा पट्टी धरून आत ओढली, की ती सुटून तरंगू लागते. पुष्कळ ठिकाणी माथ्यावर दोनदा टिचकी मारली तरी बसलेली खिडकी उठते आणि उठलेली बसते. गोंधळाचं मूळ नेमकं इथे आहे. नवख्याच्या हातून एक टिचकी जास्त पडते, आणि शेजारच्या रांगेतली खिडकी उठून भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहते.

फरशी की कागद?

पडद्यावर खिडक्या कशा मांडाव्यात, हा वाद बराच जुना आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या आणल्या. पडदा लहान आणि कामं फार. तेव्हा टेबलावर कागद जसे एकमेकांवर पडलेले असतात तशा खिडक्या ठेवू, म्हणजे थोड्या जागेत जास्त मावेल, असा साधा हिशेब त्यामागे होता. पण याच कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ हा कार्यालयीन संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातल्या खिडक्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या. कारण खिडक्या नीटनेटक्या लावण्यातच वापरणाऱ्याचा वेळ जातो, असं दिसून आलं होतं.

मायक्रोसॉफ्टनेही हा हेलकावा खाल्ला. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये कामाच्या खिडक्या एकमेकींवर चढत नसत. शेजारी शेजारीच बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या चढू लागल्या. या दोन पद्धतींत बरी कोणती? सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये ते तपासून पाहिलं. मजकूर खिडकीत नीट मावत असेल आणि फार हलवाहलव करावी लागणार नसेल, तर फरशीसारख्या खिडक्यांत काम लवकर होतं. काम आडवंतिडवं असेल तर चढणाऱ्या खिडक्यांचा फायदा होतो, पण तो मुख्यतः सरावलेल्या माणसांना. नवख्यांची त्यात उलट दमछाक होते. घरातल्या अनुभवाशी हे जुळतंच की! आजीच्या फडताळात डबे ओळीने असतात, म्हणून कुणालाही मीठ सापडतं. आजोबांच्या टेबलावर कागदांचा ढीग असतो. त्यातलं वीजबिल फक्त आजोबांनाच सापडतं.

डॉकिंग म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड. नेहमी लागणारं ओळीने लावलेलं, आणि गरज पडली तर त्यातलं काहीही उचलून हाताशी घेता येणारं.

चार खिडक्यांचा संसार

मे १९९१ मध्ये ‘व्हिज्युअल बेसिक’ आलं. त्याच्या मुळाशी अ‍ॅलन कूपर यांची कल्पना होती. बटण हवं तर त्यासाठी ओळीमागून ओळी लिहायच्या नाहीत. बटणाचं चित्र उचलायचं आणि कोऱ्या फॉर्मवर ठेवायचं. रंग, नाव, आकार बाजूच्या यादीत भरायचे, आणि बटण दाबल्यावर काय व्हावं तेवढंच लिहायचं. प्रोग्रामिंग ही गोष्ट त्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. दुकानाचा हिशेब, पतपेढीची खाती, शाळेचे गुण अशी कितीतरी छोटी कामं त्यावर उभी राहिली. आपल्याकडच्या पदविका आणि पदवीच्या अभ्यासक्रमांतही ते बरीच वर्षं होतं.

पण या पद्धतीची एक अट आहे. काम करणाऱ्याला चार गोष्टी एकाच वेळी समोर लागतात. एक फॉर्म, दुसरी अवजारांची पेटी, तिसरी गुणधर्मांची यादी आणि चौथी प्रकल्पातल्या फायलींची यादी. सुतार रंधा मारतो तेव्हा पटाशी, हातोडा आणि मापपट्टी हाताच्या अंतरावर असावी लागते, तसंच हे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत या चारही खिडक्या पडद्यावर सुट्या तरंगत. मधल्या फटींतून मागचा पडदा दिसे. चुकून तिथे टिचकी पडली, की सगळी अवजारं एका फटक्यात मागे गडप होत. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत या सगळ्यांना एका चौकटीत घेतलं गेलं. डावीकडे अवजारं, उजवीकडे वर फायली, त्याखाली गुणधर्म, मध्ये फॉर्म. कडेच्या खिडक्या तिथे डकवता येऊ लागल्या. १९९८ च्या सहाव्या आवृत्तीनेही हीच मांडणी ठेवली. कोणती खिडकी डकायची आणि कोणती नाही, हे ठरवण्यासाठी पर्यायांच्या यादीत एक वेगळं पानच होतं.

पुढच्या काळात यात सुधारणा होत गेल्या. २००२ च्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ’मध्ये खिडकीला टाचणी आली. टाचणी काढली की खिडकी कडेला दुमडून बसते आणि माउस जवळ नेला की डोकावते. २००५ च्या आवृत्तीत खिडकी ओढताना चार दिशांचे बाण दिसू लागले. ज्या बाणावर सोडाल, त्या बाजूला ती बसेल. यापूर्वी अंदाजाने सोडावं लागे आणि खिडकी भलत्याच घरात जाऊन बसे. ते बाण म्हणजे अंधारात घाटावर लावलेला कंदीलच म्हणायचा.

एक यंत्र, अनेक हात

शहरातल्या प्रोग्रामरचा संगणक त्याचा एकट्याचा असतो. आपली मांडणी तो आपल्या हाताने करतो, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच सापडते. आपल्याकडच्या शिक्षणवर्गात एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक जण बसतात. २००१ च्या सुमारास एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तालुक्यातालुक्यात संगणक केंद्रं निघाली. सिरोंच्यासारखं गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी तर केंद्रातला संगणक हाच पुष्कळांच्या आयुष्यातला पहिला संगणक ठरला.

आता पाहा काय होतं. बहुतेक सॉफ्टवेअर खिडक्यांची मांडणी लक्षात ठेवतं. पण ती त्या यंत्रावरच्या त्या वापरकर्त्याच्या नावाने. सगळे विद्यार्थी एकाच नावाने आत शिरत असतील, तर आधीच्या तुकडीतल्या मुलाने विस्कटलेला संसार नंतरच्या तुकडीतल्या मुलीपुढे जसाच्या तसा उघडतो. पुस्तकातल्या चित्रात गुणधर्मांची यादी उजवीकडे असते. तिच्या पडद्यावर ती नसतेच! मास्तर सांगतात, ‘उजवीकडे बघा.’ ती उजवीकडे बघते. तिथे काहीच नाही. विचारावं तर सगळे हसतील, म्हणून ती गप्प बसते.

त्यात विजेची भर. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे; तरी २००० नंतरच्या दशकात राज्यातल्या भारनियमनाचे तास विदर्भातल्या गावांनी किती सोसले, हे वेगळं सांगायला नको. अनेक सॉफ्टवेअर मांडणीची नोंद रीतसर बंद होतानाच करतात. मध्येच वीज गेली की नीट लावलेली मांडणी नोंदवलीच जात नाही. मेहनतीने खिडक्या लावणाऱ्याला पुन्हा जुनाच गोंधळ समोर दिसतो, आणि आपण काल केलं ते चुकलंच असणार, असा त्याचा समज होतो.

तिसरा प्रकार तर भुताटकीच वाटावी असा. वर्गात प्रोजेक्टर लावलेला असताना कुणी एखादी खिडकी त्या मोठ्या पडद्याकडे ओढून ठेवतो. प्रोजेक्टर काढून नेतात. खिडकी मात्र अजून तिथेच आहे असं संगणक कधी कधी समजतो. यादीत ती उघडी दिसते, पडद्यावर कुठेच नाही. मूळ पडद्याच्या बाहेर, अदृश्य काठावर ती बसलेली असते.

या सगळ्यावर उपाय आहेत. पण ते इंग्रजी शब्दांच्या आड आहेत. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि पडद्यावर इंग्रजी, अशा तीन पायऱ्या चढून आलेल्या मुलाला ‘डॉकेबल’ या शब्दावरून काय कळणार? यंत्राचा बारीकसा स्वभावदोष त्याला स्वतःचा दोष वाटतो. आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं एकदा मनाने घेतलं, की ते काढायला फार कष्ट पडतात.

मुलांसाठी एकच खोली

ज्यांनी मुलांसाठी प्रोग्रामिंगची साधनं बनवली, त्यांनी हा धोका ओळखला होता. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ लोकांसाठी खुलं केलं. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम तयार होतो. त्याच्या रचनाकारांनी खिडकी एकच ठेवली आणि तिचे कप्पे पाडले: एकात ठोकळे, दुसऱ्यात जुळणी, तिसऱ्यात रंगमंच. महत्त्वाची गोष्ट सतत डोळ्यांसमोर राहावी, हा त्यामागचा हेतू त्यांनी लिहूनही ठेवला आहे. तरंगणारं काही नाही, म्हणून हरवणारंही काही नाही. ठोकळा मात्र दुसऱ्या ठोकळ्याजवळ नेला की चटकन बसतो. डॉकिंगची गंमत ठेवली, त्रास काढला!

आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या वाडीवर २००७ मध्ये ‘मुलागणिक एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात खिडक्यांचा ढीगच नव्हता. एका वेळी एक काम, आणि ते पडदाभर. साडेसात इंचांच्या पडद्यावर तेच शहाणपणाचं होतं.

पण ही सोय फुकट मिळत नाही. एकाच खोलीत वाढलेल्या मुलाला एक दिवस मोठ्या घरात जावंच लागतं. तिथे चार दारं असतात, फडताळं असतात, माळा असतो. खिडक्या हलवण्याची मुभा काढून घेतली तर भीती जाईल, पण हातही आखडेल. पन्नास फायली सांभाळणाऱ्या माणसाला आपल्या कामाप्रमाणे मांडणी बदलता आलीच पाहिजे.

जंगलाचा नकाशा आणि डकवलेल्या खिडक्या

आपल्या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट आता प्रोग्रामरपुरती राहिलेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांना असे हक्क मिळाले. हक्क आला की हद्द आली, हद्द आली की नकाशा आला, आणि नकाशा आज संगणकावर होतो.

नकाशांसाठी जगभर वापरलं जाणारं ‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअर गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. ते उघडलं की मध्ये नकाशा आणि कडेला डकवलेल्या खिडक्या दिसतात. एकीत नाला, रस्ता, हद्द असे थर, दुसरीत फायली, तिसरीत अवजारं. २०१३ च्या आवृत्तीपासून त्यात चित्ररूप प्रोग्रामिंगची सोयही आहे. ‘नाल्यापासून शंभर मीटरच्या आतलं सोड, उरलेल्यातला बांबूचा भाग घे, क्षेत्रफळ सांग’ अशी साखळी चौकोन आणि बाण जोडून तयार करता येते. ओळी लिहाव्या लागत नाहीत. बारावी झालेल्या, जंगल पायाखाली घातलेल्या गावच्या तरुणाला हे शिकता येण्याजोगं आहे. आपल्या जंगलाचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याला मांडता येईल. आणि या वाटेवर पहिल्याच दिवशी थरांची खिडकी हरवली म्हणून तो उठून गेला, तर नुकसान एका वर्गाच्या फीपुरतं राहत नाही.

आधी विस्कटा, मग आवरा

म्हणून शिकवणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. पहिला प्रोग्राम लिहायला लावण्याआधी अर्धा तास खिडक्यांना द्या. मुलांना सांगा, ‘सगळं विस्कटा.’ खिडक्या ओढू देत, बंद करू देत, एकमेकींवर टाकू देत. मग आवरायला शिकवा.

आवरण्याच्या युक्त्या मोजक्याच आहेत. बंद केलेली खिडकी पुष्कळदा ‘व्ह्यू’ या यादीतून परत येते. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये एफ-४ दाबलं की गुणधर्मांची यादी येते, आणि कंट्रोलबरोबर आर दाबलं की फायलींची. व्हिज्युअल स्टुडिओत ‘विंडो’ या यादीत मांडणी मुळासारखी करण्याची आज्ञा आहे. २०१५ च्या आवृत्तीपासून आपली मांडणी नाव देऊन साठवताही येते. क्यूजीआयएसमध्ये ‘व्ह्यू’ यादीत ‘पॅनल्स’ आहे, आणि अगदीच गोंधळ झाला तर पर्यायांतल्या ‘सिस्टिम’ या पानावर सगळं पूर्ववत करण्याचं बटण आहे. ते दाबून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. पडद्याबाहेर गेलेली सुटी खिडकी निवडून आल्टबरोबर स्पेस दाबावं, मग एम, मग बाणाच्या कळा. ती हळूहळू आत सरकत येते.

केंद्र चालवणाऱ्यांनाही एक सोपी गोष्ट करता येईल. प्रत्येक तुकडीला, जमलं तर प्रत्येक विद्यार्थ्याला, आत शिरण्याचं वेगळं नाव द्यावं. क्यूजीआयएसमध्ये तर २०१८ पासून एकाच यंत्रावर वेगवेगळ्या माणसांची वेगळी घडी ठेवण्याची सोय आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. विस्कटलेल्या पडद्याचं चित्र आणि आवरण्याच्या पाच ओळी मराठीत छापून प्रत्येक टेबलाशी लावल्या, तर मास्तरांना हाका मारणंही कमी होईल.

घरच्यांनीही एवढं लक्षात ठेवावं. मुलगी वर्गातून येऊन म्हणाली, ‘माझ्याकडून संगणक बिघडला,’ तर आधी विचारा, ‘खिडकी हरवली का गं?’ बहुतेक वेळा तेवढंच झालेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी ती हरवलेली खिडकी तिने स्वतः शोधून जागेवर बसवली, तर त्या दिवशी ती प्रोग्रामिंगमधला पहिला धडा शिकली असं खुशाल समजा. यंत्र आपलं ऐकतं, हा तो धडा. बाकीचे पुस्तकात आहेतच.